मुंबईत फ्लाय फिशिंग करायचंय? मग आधी खडकावर वागायचं कसं ते बघा

महिन्या-दोन महिन्यांनी कोणीतरी विचारतंच, ताई मला फ्लाय फिशिंग (म्हणजे पिसं-केस बांधलेल्या हलक्या गरीने मासे पकडणं) सुरू करायचंय, रॉड कुठला घेऊ? त्याचं उत्तर दोन मिनिटांत होतं. तलावात रोहू-तिलापियासाठी ५ नंबर, खाडीत आणि समुद्रावर ८ नंबर, लांबी ९ फूट, आणि चार तुकड्यांत सुटणारा घ्या म्हणजे लोकलच्या गर्दीतही नेता येतो. पण त्याच्या पुढचं कोणी विचारत नाही आणि माझ्या मते तेच जास्त कामाचं आहे, म्हणून एकदाच बसून सगळं लिहून काढते.

बघा, आपल्याकडे फ्लायवाले मोजकेच. ही विद्या एकाकडून दुसऱ्याकडे अगदी हात धरून येते. कोणीतरी स्वतःची रविवारची पहाट खर्च करून तुमच्या बाजूला उभं राहतं, तुमचं मनगट पकडून दाखवतं की इथे थांबायचं, आता सोडायचं, तेव्हा कुठे लाईन सरळ जायला लागते. मी जे काही शिकले ते असंच शिकले, आणि शिकवणाऱ्यांत निम्मे तर फ्लायवाले नव्हतेच, साधे गळ टाकणारे काका आणि कोळीवाड्यातली माणसं होती. त्यामुळे पाण्यावर तुम्ही माणसांशी कसे वागता त्यावर तुम्हाला किती येणार हे ठरतं, हे मी अगदी मनापासून सांगते.

तर सुरुवात. जागेवर पोचलात की लगेच रॉड जोडायला बसू नका. पाच मिनिटं नुसते उभे राहा. कोण कुठे बसलंय, कोणाची लाईन कुठल्या दिशेला गेलीये, वारा कुठून येतोय ते बघा. आधीपासून जो बसलाय त्याच्याजवळ जाऊन विचारा, "काका, इकडच्या बाजूला उभी राहू का, तुमच्या लाईनला अडचण नाही ना होणार?" एवढं विचारलं की नव्वद टक्के वेळा काका स्वतःहून सांगतात, तिथे नको, खाली दगडात लाईन अडकते, दहा पावलं पुढे जा. न विचारता उभे राहिलात तर कोणी काही बोलत नाही, मुंबईचा माणूस गप्प बसतो, पण मग ते अडकणाऱ्या दगडाचंही कोणी सांगत नाही. दोघांमध्ये घुसायचं नाही आणि जो माणूस कडेकडेने पुढे सरकत मासा शोधतोय त्याच्या पुढ्यात जाऊन उभं राहायचं नाही, मागून जायचं.

आता मुंबईत फ्लायवाल्याने सगळ्यात जास्त जपायची गोष्ट, मागची जागा. साध्या गळाला शिसं असतं, वजन टोकाला असतं, एक झटका दिला की गेलं. फ्लाय म्हणजे गरीवर गुंडाळलेली पिसं आणि केस, तिला वजन जवळजवळ नसतंच, म्हणून इथे लाईनच जड असते. ५ नंबर ८ नंबर जे म्हणतो ते त्या लाईनच्या पहिल्या ३० फुटांच्या वजनावरून ठरतं. ती लाईन पुढे फेकायच्या आधी मागे पूर्ण सरळ व्हावी लागते, म्हणजे पुढे चाळीस फूट टाकायचं असेल तर मागेही साधारण तेवढी जागा मोकळी हवी. आता कार्टर रोडला किंवा बँडस्टँडला मागे काय असतं ते तुम्हाला माहितीच आहे, चालायला आलेले आजी-आजोबा, कुत्री, सायकलवरची पोरं, फोटो काढणारी जोडपी.

माझा तिसरा महिना असेल. वांद्र्याच्या खडकांवर संध्याकाळी कास्ट करत होते, म्हणजे लाईन फेकत होते, एकदा मागे बघितलं होतं, कोणी नव्हतं, मग पाण्याकडेच लक्ष. तेवढ्यात एक नऊ-दहा वर्षांचा मुलगा काय चाललंय बघायला खडकावरून चढून बरोबर माझ्या मागे आला आणि माझी फ्लाय त्याच्या टोपीत घुसली, टोपी उडून पाण्यात. डोळा दोन बोटांवर होता. माझे हात इतके थरथरत होते की रील गुंडाळता येईना. त्याच्या वडिलांनी आरडाओरडा केला नाही. शेजारी कोलंबी लावून बसलेले एक काका उठले, माझ्या हातातून लाईन घेतली, खिशातून छोटी पक्कड काढली, गरीला जो उलटा काटा असतो तो दाबून सपाट केला आणि परत दिली. म्हणाले, "पोरी, हा दाबून ठेवत जा, माणसात घुसली तरी सरळ निघते." त्या दिवसापासून माझ्या डबीतली एकही गरी काट्याची नाही. आणि मासे निसटतात का, तर लाईन ताणून ठेवलीत तर नाही निसटत.

म्हणून नियम असे पाळा. काटा दाबायचा. टोपी आणि गॉगल घालायचा, स्वतःच्या डोळ्यांसाठी सुद्धा. प्रत्येक कास्टला मागे मान वळवायची, एकदाच बघून चालत नाही. कोणी येताना दिसलं तर लाईन पाण्यात पडू द्यायची, त्यांना जाऊ द्यायचं, हसून "या या, जा तुम्ही" म्हणायचं. रविवारी संध्याकाळी गर्दीच्या ठिकाणी फ्लाय काढायचीच नाही, पहाट आपली. आणि माझं ऐकाल तर रोल कास्ट आधी शिका, यात लाईन मागे फेकावी लागत नाही, पाण्यावर पडलेली लाईन हळू मागे ओढून खांद्यामागे तिचा झोला पडला की एका दमात पुढे लोटायची. लांब जात नाही पण आपल्या शहरात जिथे पाठीला भिंत किंवा माणूस असतोच तिथे हीच कास्ट रोज उपयोगी पडते, लोक व्हिडिओतली मोठी कास्ट शिकायला जातात आणि हिच्याकडे दुर्लक्ष करतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

कोळी मंडळींबद्दल वेगळं लिहायलाच हवं. वरळी, खारदांडा, वर्सोवा, मढ, मनोरी, गोराई, हे आपल्यासाठी स्पॉट असतील, त्यांच्यासाठी घराचं अंगण आहे. होड्या लागतात त्या धक्क्यावर गळ टाकत बसू नका, होडी येताना दिसली की लाईन गुंडाळा, ती जाईपर्यंत थांबा. वाळत घातलेल्या जाळ्यांवरून पाय टाकून जायचं नाही. ओहोटीला खडकांवर बायका कालवं काढत असतात, तिथे पाणी कितीही छान दिसलं तरी त्यांच्या आसपास फ्लाय फिरवायची नाही, त्यांचं काम आहे ते, आपला छंद आहे. नारळी पौर्णिमेचा दिवस त्यांचा, त्या दिवशी बघायला जा, नमस्कार करा, रॉड घरी ठेवा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, ते दोन महिने त्यांची कमाई थांबलेली असते, तेव्हा काठावर उभं राहून मोठमोठ्याने आज किती मिळाले याची चर्चा करणं मला तरी बरं दिसत नाही.

आणि पाण्याचं त्यांच्याइतकं कोणाला कळत नाही. भरतीचं गणित मला गोराईच्या एका आजोबांनी शिकवलं. तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, तो भरतीचा साधारण तास. चतुर्थी असेल तर तीन, अष्टमी असेल तर सहा, पौर्णिमा-अमावस्येला बाराच्या आसपास. तिथून सव्वासहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावस्येला उधाण, पाणी खूप चढतं खूप उतरतं, अष्टमीच्या सुमारास भांग, पाणी फारसं हलत नाही. म्हणजे पौर्णिमेला पहाटे सहाला ओहोटी, खडक लांबवर उघडे, माणूस खुशीत पार टोकापर्यंत जातो आणि मग दुपारपर्यंत पाणी चढत राहतं ते आधी मागच्या खोलगट भागात शिरतं. मी अशीच टोकाला होते, मासा उडताना दिसत होता, मागून आजोबांचा आवाज आला, "पोरी, पाणी फिरलंय, ऊठ आता." मी म्हटलं दोनच मिनिटं. ते तिथेच उभे राहिले, माझी दोन मिनिटं होईपर्यंत, आणि परत येताना मला गुडघाभर पाण्यातून यावं लागलं, पायाखाली कालवांच्या धारदार कडा. त्यांना माझ्यासाठी थांबावं लागलं याची मला आजही रुखरुख आहे. म्हणून सांगते, काठावरचं जुनं माणूस ऊठ म्हणालं की उठायचं, मासा लागलेला नसेल तर त्याच क्षणी. पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस पालिका आधीच जाहीर करते, त्या दिवशी खडकावर जायचंच नाही.

प्रश्न कसा विचारायचा हेही शिकण्यासारखं आहे. "मासा कुठे मिळतो?" हा प्रश्न नको. समोरच्याने ती जागा शोधायला वर्ष घालवलेलं असतं. त्यापेक्षा विचारा की भरती लागताना गेलात की उतरताना, पाणी गढूळ होतं का, फ्लाय कुठल्या रंगाची, किती हळू ओढली. याची उत्तरं लोक भरभरून देतात, आणि दोन-चार वेळा असं बोलणं झालं की समोरचा स्वतःच म्हणतो, चल शनिवारी, दाखवतो. नेलं की ती जागा त्याची समजायची. पुढच्या आठवड्यात आपण चार मित्र घेऊन तिथे हजर, असं करायचं नाही, दुसऱ्याला न्यायचं असेल तर आधी विचारायचं. फोटो कोणालाही पाठवायच्या आधी मागे काय दिसतंय ते बघा, मंदिराचा कळस किंवा जेट्टी दिसली की जागा कळलीच. आणि कोणी काही सांगितलं तर जाऊन आल्यावर परत कळवा, काही मिळालं नाही तरी कळवा. "काका तुम्ही सांगितलं तसं केलं, दोन तासांत एकच टोचा आला" एवढा निरोप सुद्धा सांगणाऱ्याला आवडतो, त्यालाही पाण्याची खबर मिळते.

तुम्हाला जरा येऊ लागलं की उलट जबाबदारी येते. दुसऱ्याची कास्ट चुकताना दिसली तरी धावत जाऊन सांगायचं नाही, "सांगू का एक?" असं विचारायचं, तो नको म्हणाला तर विषय संपला. बाई दिसली की तिच्या हातातून रॉड घेऊन दाखवायला जाणारे बरेच भेटतात, चांगल्या मनाने करतात, पण नका करू, रॉड तिच्याच हातात राहू दे, तोंडाने सांगा. बांबूच्या काठीला दोरी बांधून बसलेल्या पोराला किंवा बाटलीला लाईन गुंडाळून आलेल्या माणसाला कमी लेखायचं नाही. काहींच्या घरी आज त्या माशाचीच आमटी होणार असते. तुम्ही सोडून देता म्हणून तुम्ही मोठे, तो घरी नेतो म्हणून लहान, असलं काही नाही.

मासा लागला की शेजाऱ्यांचं काम सुरू. बाजूच्याला मासा लागला की आपली लाईन पटकन गुंडाळायची म्हणजे गुंता होत नाही. त्याने हाक मारल्याशिवाय त्याच्या लाईनला हात लावायचा नाही, जाळीही पुढे करायची नाही, कित्येक चांगले मासे मदतीच्या घाईत सुटलेत. गुंता झालाच तर चूक कोणाची हे नंतर, आधी आपली लाईन कापायची. कापलेला तुकडा खिशात, घरी नेऊन बारीक बारीक कातरून कचऱ्यात. मनोरीच्या खाडीत तिवरांच्या फांदीला अडकलेल्या लाईनमध्ये पाय गुंतून लटकलेला बगळा मी पाहिलाय, आम्ही दोघींनी मिळून सोडवला पण त्याचा पाय गेलेला होता. लाईन टाकून येणाऱ्या माणसाबरोबर मी परत जात नाही, हे मी स्पष्ट सांगते.

सोडायचा असेल तर नीट सोडा. हात आधी पाण्यात भिजवा, कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग त्याला रोग लागतो. फोटो काढायचा तर कॅमेरा तयार झाल्यावरच मासा वर घ्यायचा, आपण श्वास रोखून जेवढं थांबू शकतो तेवढाच वेळ. जिताडा असेल तर कल्ल्याच्या झाकणाची कड ब्लेडसारखी असते, बोटं तिथे घालू नका, आणि मोठा जिताडा जबड्याला धरून उभा लटकवू नका, पोटाखाली दुसरा हात द्या. शेंगाळीचे तीन काटे विषारी, पाठीवर एक आणि कल्ल्यांमागे दोन, तिला पक्कडीनेच सोडवा. बाजूच्याला काटा लागला तर आपलं फिशिंग बंद, सोसवेल इतक्या गरम पाण्यात त्याचा हात बुडवून ठेवायचा, दुखणं उतरतं, आणि मग डॉक्टरकडे घेऊन जायचं, एकट्याला पाठवायचं नाही. खायला न्यायचा असेल तर मोठा एखादा न्या, लहान सोडा. २०२३ मध्ये आपल्या सरकारने ५४ जातींसाठी पकडण्याचा कमीत कमी आकार ठरवलाय, त्याच वर्षी पापलेटला राज्यमासाही केला.

गोड्या पाण्याचं थोडक्यात. पवईला अँगलिंग असोसिएशन आहे, परवानगी काढून, त्यांच्या नियमात राहून करा, आणि तलावात मगरी आहेत म्हणून पाण्यात उतरू नका. विहार-तुळशीचा विचारही नको. महसीर कुठेही लागला तर सोडायचाच, लोणावळ्याजवळ वळवणला टाटा पॉवरच्या केंद्रात १९७०च्या दशकापासून त्याची पिल्लं वाढवून नद्या-तलावांत सोडतायत, एवढ्या मेहनतीने टिकवलेला मासा आहे तो. वाड्याजवळ तिळसेला वैतरणेत देवळाचे महसीर आहेत, लोक त्यांना खाऊ घालतात. तिथे जरूर जा, पण रॉडची नळी गाडीतून काढू सुद्धा नका.

उसन्या सामानाचं एक सांगायचं राहिलं. फ्लायचं सामान महाग, पटकन मिळत नाही, त्यामुळे सुरुवातीला प्रत्येक जण कोणाचा तरी जुना रॉड वापरतो. परत देताना रील गोड्या पाण्याने धुऊन, सावलीत वाळवून द्या, खारं पाणी आत राहिलं की रील गंजून जाम होते. लाईनच्या टोकाला बांधतात ती बारीक नायलॉन वापरली असेल तर नवीन लावून द्या. बाहेरून कोणी लाईन आणून देणार असेल तर पैसे आधी द्या, त्याला मागायला लावू नका.

आणि फ्लाय बांधायला लागलात की दोन-तीन जास्तीच्या बांधा, द्यायला. आमच्याकडे ही पद्धतच आहे, नवीन माणूस भेटला की डबी उघडून त्याला निवडायला सांगायचं. मी बहुतेक क्लाउझर देते, बॉब क्लाउझर नावाच्या अमेरिकन माणसाने १९८०च्या दशकात तिकडच्या नदीतल्या बास माशासाठी बांधलेली, हिला धातूचे दोन डोळे अशा बाजूला बसवतात की पाण्यात गरीचं टोक वर राहतं, त्यामुळे आपल्या कालवांच्या खडकात ती कमी अडकते. हरणाचे केस वापरायची गरज नाही, मी गंगावनाचे कृत्रिम केस घेते, पांढरे खाली, पोपटी वर, मधे भुलेश्वरहून आणलेल्या जरीचे चार धागे. पिसं लागली तर कोंबडीवाल्याकडून मानेची मागून घेते, रानपक्ष्यांची नाही.

गेल्या रविवारी मार्व्याच्या जेट्टीजवळ एक कॉलेजचा मुलगा लांबून बघत उभा होता, जवळ यायला लाजत होता. मीच बोलावलं, आधी त्याला माझ्या डाव्या हाताला उभं केलं, उजव्या हाताने कास्ट करणाऱ्याच्या डावीकडे उभं राहायचं हे पहिलं सांगितलं, मग रॉड त्याच्या हातात दिला. दहाव्या-बाराव्या वेळेला लाईन जरा सरळ गेली तर त्याने वळून माझ्याकडे बघितलं. जाताना त्याला डबीतली एक पांढरी-पोपटी क्लाउझर दिली, काटा दाबलेली, आणि गाठ कशी मारायची ते तिथेच दोनदा करून दाखवलं, पाच वेढे, पहिल्या फटीतून टोक आत, मग मोठ्या वळशातून, थुंकीने ओलं करून हळू ओढायचं. तिसऱ्यांदा त्याची त्याने मारली.